भरलेल्या बटाट्याच्या साली घरच्या ओव्हनमध्ये कुरकुरीत कशा कराव्यात?

विश्रामबागकर (सांगली):

नमस्कार. पोटॅटो स्किन्स या नावाने हॉटेलांत जो पदार्थ मिळतो, म्हणजे भाजलेल्या बटाट्यातला बराचसा गर काढून उरलेल्या सालीच्या वाटीत चीज आणि इतर सारण भरून ती पुन्हा भाजलेली, तो मला घरी करावयाचा आहे. पुढील महिन्यात आमच्या घरी भिशी आहे, साधारण बारा जणी येतील आणि तळणीचा पदार्थ नको असे सर्वांचेच म्हणणे आहे.

अडचण अशी की, घरी केलेली वाटी दिसायला चांगली दिसते, परंतु साल दाताखाली वातड लागते आणि सारण भरून झाल्यावर थोड्याच वेळात तळ ओला होतो. माझ्याकडे २८ लिटरचा साधा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे, त्यात पंखा नाही. परदेशी पाककृतींमध्ये रसेट जातीचा बटाटा घ्यावा असे सांगितलेले असते, पण तो आपल्याकडे मंडईत दिसत नाही. तेव्हा आपल्या भागात मिळणाऱ्या बटाट्यांपैकी कोणता घ्यावा, बटाटे आधी कुकरमध्ये उकडून घेतले तर चालतात का, सालीला तेल लावावे की तूप, आणि पाहुणे येण्याआधी किती तयारी करून ठेवता येईल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सारण शाकाहारीच हवे आहे.

अजिंक्यतारा (सातारा):

आपल्या चारही प्रश्नांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. बटाट्याच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग पाणीच असतो, आणि सालीला चिकटून राहिलेल्या गरातले पाणी जोवर निघून जात नाही तोवर साल तापते, पण कुरकुरीत होत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर पाणी कमी होते आहे की वाढते आहे, एवढेच पाहावे.

या हिशेबाने कुकर बाद होतो. उकडताना बटाटा पाणी आणि वाफ यांतच असतो, साल भिजून सैल पडते आणि बऱ्याचदा फाटतेही. शक्यतो कच्चा बटाटाच ओव्हनमध्ये भाजावा. साधारण १५० ते १८० ग्रॅम वजनाचे, एकसारख्या आकाराचे, लांबट बटाटे निवडावेत, ब्रशने घासून धुवावेत आणि फडक्याने इतके कोरडे करावेत की हाताला ओल लागू नये. काट्याने चार-पाच ठिकाणी टोचावे आणि २०० अंश सेल्सिअसला आधी तापवलेल्या ओटीजीत थेट जाळीवर ठेवून ५० ते ६० मिनिटे भाजावे. फॉइलमध्ये गुंडाळण्याची सवय अनेकांना असते, ती येथे मोडावी लागते, कारण फॉइलच्या आत बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्याच वाफेत उकडला जातो. सुरी अडथळ्याविना आरपार गेली आणि साल किंचित सुरकुतली की बटाटा झाला असे समजावे.

बाहेर काढल्याबरोबर तो उभा चिरावा. बरेच जण येथे वाट पाहतात आणि तेवढ्या वेळात आतली वाफ सालीत मुरते. चिरलेल्या दोन्ही फाकांमधून वाफ धूर निघावा तशी जोरात बाहेर पडताना दिसते, ती पडू द्यावी. दहाएक मिनिटांनी हात लावण्याजोगे झाले की चमच्याने गर काढावा. गर सगळा काढू नये. कडेने आणि तळाला शिसपेन्सिलीच्या जाडीइतका, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरचा थर ठेवावा. त्याहून पातळ केल्यास वाटी सारणाचे वजन पेलत नाही आणि कडा जळतात, जाड ठेवल्यास आतला ओलावा सुटत नाही. आपली साल वातड होण्याचे कारण मला येथेच असावे असे वाटते.

यानंतर रिकाम्या वाट्यांना आतून-बाहेरून स्निग्ध पदार्थ लावून त्या २३० अंशांवर पुन्हा भाजाव्यात: आधी पालथ्या दहा मिनिटे, मग उलथून उताण्या आठ-दहा मिनिटे. कुरकुरीतपणा या दुसऱ्या भाजणीत येतो, सारण भरल्यानंतर येत नाही. पालथ्या असताना आतली वाफ खालच्या बाजूने निघून जावी म्हणून ट्रेऐवजी जाळी वापरावी आणि तुपाचे थेंब पडू नयेत म्हणून जाळीच्या खालच्या खणात ट्रे सरकवून ठेवावा.

तेल की तूप या प्रश्नाचे माझे उत्तर तूप असे आहे. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते आणि त्यातला दुधाचा घन भाग इतक्या तापमानाला करपतो. तुपात या दोन्ही गोष्टी नसतात. आपल्याकडे घाण्याचे शेंगदाणा तेल आवडीने वापरले जाते, पण ते रिफाइंड केलेले नसल्याने २३० अंशांच्या बरेच आधी धूर धरते आणि कडवट वास येतो. तेलच वापरावयाचे असेल तर रिफाइंड वापरावे. मीठ मात्र सालीच्या बाहेरच्या बाजूला या वेळीच भुरभुरावे, कारण नंतर ते चिकटत नाही.

शेतावरून (खटाव तालुका):

मी स्वतः बटाटा पिकवतो, म्हणून त्याविषयी तेवढे लिहितो. आपल्या मंडईत वाणाचे नाव सहसा कोणी सांगत नाही. आग्रा, इंदूर, तळेगाव असे गावाचे नाव सांगितले जाते आणि ग्राहकही त्यावर समाधानी असतो. प्रत्यक्षात या पदार्थासाठी महत्त्वाचे असते ते बटाट्यातल्या घन भागाचे, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागाचे, प्रमाण. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ मध्ये प्रसारित केलेली कुफरी ज्योती ही जात या बाबतीत मध्यम आहे. कुफरी पुखराज भरपूर उत्पन्न देते, पण तिच्यात पाणी अधिक आणि गर चिकट, त्यामुळे रश्श्याला उत्तम आणि भाजायला सुमार. १९९८ मध्ये आलेली कुफरी चिपसोना-१ आणि तिच्या पुढच्या जाती मुळात वेफर्सच्या कारखान्यांसाठी काढल्या गेल्या. त्यांत घन भाग २० टक्क्यांच्या वर असतो आणि साखर कमी असते. रसेटच्या जागी वापरायचा असेल तर मिळाल्यास हाच बटाटा घ्यावा.

दुकानदाराला जात माहीत नसेल तर घरी परीक्षा करता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि त्यात धुतलेला बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा तळाला जातो, पाणचट बटाटा तरंगतो. एकाच पोत्यातले काही बटाटे बुडतात आणि काही तरंगतात हे पाहून पहिल्यांदा आश्चर्य वाटते, पण असे होते. बुडालेले वाट्यांसाठी घ्यावेत आणि तरंगलेले भाजीला ठेवावेत.

आता हंगामाविषयी. आमच्याकडे पुसेगावच्या बाजूला खरिपाचा बटाटा जून-जुलैत लावतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. तो नुकता काढलेला असताना चवीला फार चांगला असतो, परंतु आपल्या कामाचा नसतो, कारण त्याची साल कोवळी असते. अंगठ्याने दाबून घासले आणि साल कागदासारखी गोळा होऊन सुटली तर तो बटाटा नवा समजावा. वाटीसाठी पक्क्या सालीचाच बटाटा लागतो. दुसरीकडे, उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत उत्तरेतून येणारा माल बहुतेक शीतगृहातला असतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होत जाते, त्यामुळे तो चवीला गोडसर लागतो आणि भाजताना साल कुरकुरीत होण्याआधीच काळपट पडते. असा माल आणला असेल तर आठ-पंधरा दिवस घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी, टोपलीत उघडा ठेवावा, म्हणजे ती साखर बरीच कमी होते. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत हे याच कारणाने सांगितले जाते.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. या पदार्थात साल खाल्ली जाते, म्हणून हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा अजिबात घेऊ नये. हिरव्या भागात आणि कोंबांत सोलानिनसारखी विषारी द्रव्ये वाढलेली असतात आणि ती उकडल्याने किंवा भाजल्याने नष्ट होत नाहीत. भाजीला आपण हिरवा भाग कापून टाकतो, येथे ती सोय नाही. काही ठिकाणी बटाटा ताजा दिसावा म्हणून त्याला लाल माती किंवा गेरू चोळतात. पाण्यात हात घातल्याबरोबर पाणी तांबडे झाले तर तो बटाटा घासून दोन-तीन पाण्यांनी धुवावा किंवा सरळ दुसऱ्या गाळ्यावर जावे.

बिडाचा तवा (कराड):

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु कुकरला सरसकट बाद ठरवणे मला पटत नाही. घरोघरी ओटीजी नसतो, आणि असला तरी तासभर बटाटे भाजण्यासाठी वीज जाळणे सर्वांना मानवत नाही. कुकरमध्ये बटाटे थेट पाण्यात न सोडता कोरड्या डब्यात ठेवावेत, त्या डब्यात पाण्याचा थेंबही घालू नये, डब्यावर झाकणी ठेवावी आणि बटाटा पूर्ण शिजून फुटण्याआधीच आच बंद करावी. प्रत्येक कुकर वेगळा असल्याने शिट्ट्यांचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. बटाटे बाहेर काढून अर्धे करून गर काढावा आणि वाट्या पंख्याखाली ताटात पालथ्या पसरून किमान तासभर वाळू द्याव्यात. गराचा पृष्ठभाग बोटाला कोरडा आणि किंचित खरखरीत लागला पाहिजे.

त्यानंतर बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवून, चमचाभर तूप सोडून, वाट्या आधी पालथ्या आणि मग उताण्या ठेवून भाजाव्यात. उताण्या ठेवल्यावर सालीचा पृष्ठभाग गोल असल्याने तो तव्याला सगळीकडे टेकत नाही, म्हणून वर एखादी लहान जड ताटली ठेवून हलकासा दाब द्यावा आणि मधूनमधून वाटी कलती करून कडा तव्याला लावाव्यात. तव्यावर झाकण मात्र ठेवू नये. झाकण ठेवले की वाफ कोंडते आणि आपण कुकरपाशी परत येतो. चीज वितळवण्यासाठी शेवटी अगदी मिनिटभर झाकले तर हरकत नाही.

ओव्हनमधल्या वाटीची सर्व बाजूंनी सारखी येणारी कुरकुर या पद्धतीत येत नाही हे मान्य आहे. मात्र तव्याला टेकलेला भाग जो खरपूस लागतो, तो मला ओव्हनमधल्या वाटीपेक्षा अधिक आवडतो. ज्यांच्याकडे एअर फ्रायर असेल त्यांनी वाळलेल्या वाट्या तूप लावून २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटे ठेवाव्यात. त्यातल्या पंख्याने सालीभोवतालची वाफ सतत बाजूला सारली जाते, त्यामुळे या कामात तो ओटीजीपेक्षा सरस ठरतो. फक्त वाट्या एकमेकींवर रचू नयेत.

खर्डा-भाकरी (मिरज):

साल कितीही कुरकुरीत केली तरी सारण ओले असेल तर सगळे श्रम वाया जातात, आणि आपल्या दुसऱ्या तक्रारीचे कारण, म्हणजे तळ ओला होण्याचे, सारणातच आहे. हा पदार्थ अमेरिकेतल्या उपाहारगृहांत १९७० च्या दशकात लोकप्रिय झाला. त्यात चेडर चीज, बेकन (खारवलेले डुकराचे मांस) आणि वरून आंबट साय (सावर क्रीम) व कांद्याची पात असते. त्यातली बारीक युक्ती अशी की ओली असलेली आंबट साय ओव्हनमध्ये जात नाही, ती वाढताना वरून घालतात. आपणही हाच नियम पाळावा.

आंबट सायीच्या जागी चक्का अगदी योग्य ठरतो. आदल्या रात्री दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगून ठेवावे, सकाळी मिळालेला घट्ट चक्का फेटून त्यात हिरव्या मिरचीचा खर्डा आणि मीठ मिसळावे. मीठ मात्र अगदी वाढण्याच्या वेळीच घालावे, नाहीतर चक्क्याला पाणी सुटते. चीजपैकी मोझरेला वितळताना बरेच पाणी आणि तेल सोडते, म्हणून येथे मी ते टाळते. आपल्या दुकानांत मिळणारे साधे प्रोसेस्ड चीज किसून घालावे. ते वाहत नाही, चरबी धरून ठेवते आणि वाटीत टिकते. खरे चेडर मिळाले तर चव अर्थातच वरचढ असते.

चीजच्या खाली घालण्याचे सारण कोरडेच असावे. काढलेल्या गराची मोहरी, कढीपत्ता, हिंग आणि आपली कांदा-लसूण चटणी घालून केलेली, कढईत चांगली परतून सुकवलेली भाजी उत्तम लागते. मक्याचे दाणे घालावयाचे असल्यास उकडल्यावर कोरड्या तव्यावर परतावेत. कच्चा टोमॅटो आणि कच्चा कांदा आत घालू नये. वाढताना वरून थोडे सांगलीचे भडंग, त्यातले शेंगदाणे आणि तळलेल्या लसणाच्या पाकळ्यांसह हाताने चुरडून, भुरभुरावे. हा माझा स्वतःचा हट्ट आहे. घरात त्याला नावे ठेवणारेही आहेत, तरीही प्रत्येक वेळी भडंगाची वाटी सर्वांत आधी संपते.

भिशीतल्या कोणाचा त्या दिवशी उपवास असेल तर काही वाट्या वेगळ्या ठेवाव्यात. तूप लावून भाजलेल्या वाटीत जिरे, हिरवी मिरची, भाजलेल्या शेंगदाण्याचे जाडसर कूट, सैंधव आणि वरून चक्का. हा प्रकार मला चीजच्या वाटीइतकाच, कदाचित थोडा अधिकच, पसंत आहे.

विश्रामबागकर (सांगली):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिठाच्या पाण्याची परीक्षा आजच केली. घरात असलेल्या बटाट्यांपैकी बहुतेक तरंगले, त्यामुळे आता नवीन बटाटे आणावे लागतील असे दिसते. अजिंक्यतारा यांना दोन शंका विचारते. एक म्हणजे, माझ्या ओटीजीत एका वेळी बारा-चौदा वाट्यांपेक्षा अधिक मावणार नाहीत, आणि बारा जणींना प्रत्येकी तीन धरल्या तरी ३६ वाट्या होतात. दुसरी म्हणजे, पाहुणे आल्यावर मी स्वयंपाकघरातच अडकून राहू नये अशी इच्छा आहे. आदल्या दिवशी नेमके कोठपर्यंत काम करून ठेवावे?

अजिंक्यतारा (सातारा):

३६ वाट्यांसाठी १८ बटाटे, म्हणजे साधारण तीन किलो लागतील. एक-दोन फाटतील म्हणून २० घ्यावेत. आदल्या दिवशी बटाटे भाजून, गर काढून, रिकाम्या वाट्या पूर्ण गार करून फ्रिजमध्ये न झाकता ताटात एका थरात ठेवाव्यात. फ्रिजमधली कोरडी हवा त्यांचा पृष्ठभाग आणखी सुकवते आणि गार झालेले पिष्ट घट्ट होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी भाजलेली वाटी त्याच दिवशीच्या वाटीपेक्षा अधिक कुरकुरीत होते. काढलेला गर मात्र झाकून ठेवावा. भाजलेले बटाटे रात्रभर ओट्यावर, विशेषतः फॉइलमध्ये गुंडाळून, ठेवू नयेत. त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो.

भिशीच्या दिवशी पाहुणे येण्याआधी तास-दीड तास तूप लावून तीन खेपांमध्ये दुसरी भाजणी पूर्ण करावी आणि तयार वाट्या जाळीवर उघड्या ठेवाव्यात. डब्यात घालून झाकण लावले तर त्या नरम पडतात. पावसाळी हवेत उघड्या ठेवूनही थोड्या नरमतात, पण शेवटच्या तापात त्यांची कुरकुर परत येते. सारण आधी करून गार ठेवावे, मात्र वाटीत भरू नये. सगळ्या जणी जमल्या की बारा वाट्या भरून, चीज घालून, २२० अंशांवर चार-पाच मिनिटे ठेवाव्यात. चीज वितळले की लगेच बाहेर काढून चक्का आणि पात घालून पाठवाव्यात. त्या खाऊन होईपर्यंत पुढची खेप तयार होते. एकदम ३६ मांडण्याचा मोह धरू नये, कारण भरलेली वाटी जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटेच चांगली राहते.

रंगाविषयी एक राहिले. कडा सोनेरी झाल्या की थांबावे, गडद तपकिरी होईपर्यंत ठेवू नये. बटाटा जास्त तापमानाला करपत गेला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य वाढते, आणि चवही कडू होते. आपल्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असेल तर शेवटच्या भाजणीत जाळी मधल्या खणात ठेवावी, आणि काचेतून लक्ष ठेवावे, कारण सोनेरी रंग पालटून काळा होण्यास तेथे मिनिटभरही लागत नाही.

खर्डा-भाकरी (मिरज):

उरलेल्या गराचे काय करावे हे कोणी विचारले नाही म्हणून सांगते. १८ बटाट्यांतून दीड किलोच्या आसपास गर निघेल आणि सारणात तो सगळा खपणार नाही. भाजलेल्या बटाट्याचा गर उकडलेल्यापेक्षा कोरडा असतो, त्यामुळे बटाटेवड्याचे सारण सैल होत नाही आणि वडा तेलात फुटत नाही. दुसऱ्या दिवशी घरच्यांसाठी वडे करावेत, आणि भिशीत तळण टाळले होते एवढे पुरे.